चिंतामण बेडकाची वास्तुशांत

एका जंगलात, आणि कोणत्या ते विचारू नका, कारण तिथले बरेच प्राणी अजून हयात आहेत आणि त्यांतल्या एकाचा मेहुणा वकील आहे, तर त्या जंगलात एकदा बेडूक पाळायची टूम निघाली.

हसू नका, बाळांनो. टूम निघते तेव्हा ती कुणालाच हसण्यासारखी वाटत नाही. त्याआधी त्या जंगलात सकाळी उलटं चालायची टूम होती. एक ससा उलटा चालत चालत विहिरीत पडला आणि वर काढल्यावर म्हणाला, गुडघ्यांना फार फरक पडलाय.

बेडकांचं असं झालं. जंगलाचा कारभार एक बिबट्या पाहत असे. त्याच्या बायकोला सगळे वहिनीसाहेब म्हणत. वहिनीसाहेब उन्हाळ्यात दूरच्या थंड डोंगरात हवापालटाला गेल्या आणि येताना एक न्यूट घेऊन आल्या.

न्यूट म्हणजे काय, ते सांगतो. दिसतो पालीसारखा, पण पाल नव्हे. बेडकाच्या गोतातला, पण बेडूक नव्हे. बेडकाचं पिल्लू मोठं होताना शेपूट टाकतं. न्यूट टाकत नाही. पुढेमागे लागेल म्हणून ठेवून देतो, जशा तुमच्या आजोबांनी जुन्या छत्र्या ठेवल्यात.

वहिनीसाहेबांनी त्याचं नाव रॉकी ठेवलं. त्याला काचेच्या मोठ्या भांड्यात घातलं आणि भांडं दर्शनी ओसरीवर ऐन उन्हात मांडलं. सावलीत मांडलं असतं तर रॉकीला बरं वाटलं असतं. पण सावलीत तो कुणाला दिसला नसता, आणि न दिसणारा न्यूट पाळण्यात काय हशील?

झालं. ज्याला त्याला न्यूट हवासा झाला. न्यूट काही मिळेना. मग लोकांनी बेडूक धरले. रानडुकरांनी जोडी आणली. माकडांनी एकच आणला, त्याला मागे सुतळी बांधली आणि हाही न्यूटच आहे म्हणून सांगू लागले.

याच जंगलात द्वारकाबाई नावाची एक सायाळ राहत असे. सायाळ म्हणजे साळिंदर. अंगभर काटे, मन लोण्याचं. पण मन कुणाला टोचत नाही, काटे टोचतात. त्यामुळे हळदीकुंकवाला ती गेली की तिच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहत. तिच्या घरी तर कुणीच फिरकत नसे. सगळे तिला द्वारकाकाकू म्हणत, पण लांबून.

द्वारकाकाकूने बेडूक आणला नव्हता. तो आपणहून आला होता. तिच्या बिळामागे एक फुटकं घमेलं पडलेलं असे. त्यात एके दिवशी एक बेडूक येऊन बसला. चेहरा असा, की पाच मुलींची लग्नं व्हायची राहिलीत. म्हणून काकूने त्याचं नाव चिंतामण ठेवलं.

"राहणार असशील तर राहा," ती म्हणाली. "तुला काय काय लागतं तेवढं सांग."

"फार काही नाही काकू," चिंतामण म्हणाला. "अंग ओलं राहावं. डोक्यावर सावली असावी. आणि पाण्यातून बाहेर यायला एखादा दगड. बेडूक झाला तरी चोवीस तास पाण्यात कोण बसेल?"

द्वारकाकाकूने घमेल्याची फुटकी बाजू वर केली. दोन बोटं पाणी ठेवलं. एक दगड तिरपा टेकवला. वर शेवाळाचा गोळा ठेवला आणि अळवाचं पान झाकलं. झालं घर. तेवढ्या वेळात आपल्याकडे दारावर नाव मराठीत घालायचं की इंग्रजीत हेसुद्धा ठरत नाही.

चिलटं आपली आपण येत. चिंतामण आपला आपण जेवत असे. संध्याकाळी काकू घमेल्याशेजारी बसून त्याला दिवसभराचं सगळं सांगायची. कोण काय बोललं, कोण बघून न बघितल्यासारखं करून गेलं. चिंतामण ऐकायचा. मधूनच म्हणायचा, "असू द्या काकू." आणि ऐकून झालं की गळा फुगवून एक लांबलचक डराँव करायचा.

काकूचं म्हणणं पुरतं ऐकून घेणारा तो पहिलाच. तिचा त्याच्यावर फार जीव होता. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे ती जशी वागली ती जीव नव्हता म्हणून नव्हे.

एकदा वहिनीसाहेब जंगलातले बेडूक बघत फिरत होत्या. त्या काळी बारशाला जावं तसं लोक बेडूक बघायला जात. त्या द्वारकाकाकूच्या बिळामागे आल्या.

"बेडकाचं घर कुठंय?"

"हेच की," काकू म्हणाली.

"हे तर घमेलं आहे."

"हो, पण त्याला आवडतं."

"माझं काही म्हणणं नाही हो," वहिनीसाहेब म्हणाल्या. "ज्याची त्याची हौस. पण आमचा रॉकी असल्यात क्षणभर राहायचा नाही."

आता खरं विचाराल तर रॉकी त्या घमेल्यात आनंदाने जन्म काढता. पण त्याला कुणी विचारलं नव्हतं. वहिनीसाहेब शेपटी उडवत निघून गेल्या आणि द्वारकाकाकूचे सगळे काटे जागच्या जागी मलूल झाले. त्या दिवशी तिने जेवण टाकलं.

"काकू, मला इथं बरं वाटतं," चिंतामण म्हणाला.

"तुला काय कळतंय? लहान आहेस तू."

चिंतामण वयाने लहान नव्हता. आकाराने होता. पण मत विचारायची वेळ आली की जंगलात आकारच बघतात.

दुसऱ्याच दिवशी काकूने धामणकरबाईंना बोलावणं धाडलं. बेडकांच्या घरांतल्या जाणकार म्हणून धामणकरबाईंचं मोठं नाव होतं. बाई म्हणजे धामण. लांबलचक, तुकतुकीत आणि बोलायला गोड. आता धामण काय खाते, ते तुमच्या शाळेतल्या बाईंना विचारा. जंगलात कुणी विचारलं नाही. उलट सगळे म्हणत, बेडकांचा एवढा अनुभव दुसऱ्या कुणाला आहे? आणि ते खोटं नव्हतं. त्यांनी सजवलेल्या घरांतून आजवर एकाही बेडकाची तक्रार आली नव्हती.

धामणकरबाई आल्या. त्यांनी दुभंगलेली जीभ लवलवत चिंतामणभोवती एक चक्कर मारली.

"घाबरू नकोस हं बाळ," त्या म्हणाल्या. "माप घेतेय."

चिंतामण घमेल्याच्या तळाशी जाऊन बसला.

"पाहुणे किती येतील?" बाईंनी काकूला विचारलं.

"माझ्याकडे कोण येणार? माझ्याकडे कुणी येत नाही."

"येतील. घर बघायला जग येतं हो. बेडूक बघायला कोण येतंय?"

द्वारकाकाकूच्या डोळ्यांपुढे भरलेलं अंगण उभं राहिलं. अंगणात सतरंजी, सतरंजीवर दाटीवाटीने बसलेले लोक, आणि मधोमध ती. तिथेच घमेल्याचा निकाल लागला.

"पाणी कुठे असेल?" चिंतामणने खालून विचारलं.

"पाण्याने फरशीवर डाग पडतात," बाई काकूला म्हणाल्या. "आपण भिंतीवर पाण्याचं चित्र काढू. निळंशार. बघूनच गार वाटेल."

"आणि दगड?"

"दगड दाराच्या दोन्ही अंगांना. शोभेला."

"सावली?"

"छे छे. आत आरसे लावायचेत. उजेड कसा खेळता हवा."

"चिलटं तरी येतील का?"

"एकही यायचं नाही," बाई अभिमानाने म्हणाल्या. "समोर सगळी बारीक जाळी. जाळीतून पाहुण्यांना आतलं दिसेल आणि बाहेरचं काही आत येणार नाही."

चिंतामणच्या पोटात खड्डा पडला. पोट रिकामंच होतं, म्हणून चांगला खोल पडला.

"दार मात्र मी माझ्या पद्धतीचं करणार," बाई पुढे म्हणाल्या. "अरुंद, लांब आणि काळोखं. आत शिरणाऱ्याला एकदम काही दिसता कामा नये. हळूहळू कळलं पाहिजे, आपण कुठे आलो ते."

"बाहेर यायचं दार?" चिंतामणने विचारलं.

"ते पुढच्या टप्प्यात."

काम सुरू झालं. कुंभारमाश्यांनी भिंती लिंपल्या. सुतारपक्ष्याने जाळी कोरली. शिंपल्यांची फरशी झाली, अभ्रकाचे आरसे झाले. माती कालवायला भांडं हवं होतं, म्हणून घमेलं नेलं. कालवता कालवता त्याचा उरलासुरला तळ गेला. चिंतामणला एका ओल्या गोणपाटावर बसवून ठेवलं.

"थोडे दिवस काढ राजा," काकू गोणपाटावर पाणी शिंपडत म्हणायची. "मग बघ तुझा थाट."

"असू द्या काकू," चिंतामण म्हणायचा. पण डराँव काही त्याने त्या दिवसांत केलं नाही.

घर तयार झालं आणि वास्तुशांत ठरली. नव्या घरात वास्तुशांत केल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, ही त्या जंगलाची जुनी रीत. द्वारकाकाकूने झाडून सगळ्यांना आमंत्रण केलं. आणि काय सांगू, झाडून सगळे आले. रानडुकरं आली, माकडं आली, कोल्हे तर न बोलावता आले. वहिनीसाहेब रॉकीला काचेच्या भांड्यातून घेऊन आल्या.

एवढे लोक चिखलाचे पाय घेऊन येणार, म्हणून काकूने बिळामागे घाईघाईने एक मोरी केली होती. दोन फरश्या, एक भरलेला रांजण आणि पाणी वाहून जायला दगडी नाली. धामणकरबाईंनी त्या मोरीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्यामुळे ती चांगली झाली होती.

विधी सांगायला धनेशशास्त्री आले. हे शास्त्री म्हणजे धनेश पक्षी. यांच्यात अशी रीत, की अंडी घालायच्या दिवसांत बायको ढोलीत जाऊन बसते आणि ढोलीचं तोंड लिंपून घेते. चोच जाईल एवढीच फट. ज्याची बायको महिनोन्महिने घराबाहेर पडत नाही, त्याला घर या विषयातलं सगळं कळत असणार, अशी जंगलाची समजूत. त्यामुळे वास्तुशांतीला शास्त्रीबुवांवाचून पान हलत नसे.

शास्त्रीबुवांनी अंगणात पाट मांडला. पाटावर यजमान म्हणून चिंतामणला बसवलं. घर त्याचं, मग यजमान तोच. त्याला कोरडं पुसलं, हळद लावली, कुंकू लावलं, अंगावर उपरणं घातलं. ऊन वर आलं होतं.

"शास्त्रीबुवा, मी ओलेत्याने बसलो तर चालेल का?" चिंतामणने विचारलं.

"उत्तम. फार मोठं सोवळं ते," शास्त्रीबुवा म्हणाले. "पण यजमान ओलेता असेल तर सगळ्या मंडळींनीही ओलेत्यानेच बसलं पाहिजे."

मंडळी नटूनथटून आली होती. मंडळींनी चिंतामणकडे असं पाहिलं की त्याने मान खाली घातली.

मग शास्त्रीबुवांनी विचारलं, "यजमानांची बायको कुठंय?"

"लग्न नाही झालं त्याचं," काकू म्हणाली.

"हरकत नाही. बायको नसेल तर तिच्या जागी सुपारी ठेवतात. शास्त्रात सगळ्याची सोय आहे." आणि त्यांनी चिंतामणशेजारी पाटावर एक सुपारी ठेवली.

"सुपारी कशाला?" वहिनीसाहेब पुढे आल्या. "आमचा रॉकी एवढा आलाय, तो काय नुसता बघत बसणार? मानाचा पाहुणा आहे. त्याला बसवा शेजारी."

आणि त्यांनी रॉकीला भांड्यातून उचलून पाटावर ठेवलंसुद्धा. रॉकीने उन्हाकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

शास्त्रीबुवांनी त्याच्याकडे एका डोळ्याने पाहिलं. मग दुसऱ्याने पाहिलं.

"याला शेपूट आहे."

"असणारच," वहिनीसाहेब म्हणाल्या. "उंची वाण आहे."

"तसं नव्हे. बेडकाची शेपूट गळते ती त्याची मुंज. याची शेपूट शाबूत आहे. म्हणजे याची मुंज राहिलीय. मुंज न झालेल्याला मी वास्तुशांतीच्या पाटावर बसू देणार नाही."

"त्यांच्यात शेपूट गळतच नाही."

"म्हणजे त्यांच्यात मुंजच करत नाहीत? मग तर प्रश्नच मिटला."

प्रश्न मिटला नाही. पेटला. रानडुकरं म्हणाली, उपरण्याखाली शेपूट झाकून घ्या. शास्त्रीबुवा म्हणाले, देवाला दिसतं. माकडं म्हणाली, आम्हालाही शेपट्या आहेत, मग आम्ही काय सगळी बिनमुंजीची? कोल्ह्यांनी दोन्ही बाजूंना मान डोलावली, कारण जेवण व्हायचं होतं. वहिनीसाहेब म्हणाल्या, रॉकी उठला तर मीही उठेन. त्या उठल्या तर बिबट्याचं मन राखायला सगळं अंगण उठणार होतं. तेव्हा रॉकीला उठवता येईना आणि बसवताही येईना. या घोळात मुहूर्त टळला. शास्त्रीबुवांनी दुपारचा दुसरा काढला.

"तोवर मी आत जाऊन एकदा नजर टाकून येते," धामणकरबाई म्हणाल्या. "शेवटचा हात." आणि त्या काळोख्या दारातून सळसळत आत गेल्या. बराच वेळ झाला तरी बाहेर आल्या नाहीत. बाई फार जीव ओतून काम करतात, असं सगळे म्हणाले.

इकडे पाटावर चिंतामण वाळत होता.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, बाळांनो. तो कातडीने पितो. कातडी ओली असेल तरच त्याला नीट श्वासही घेता येतो. ती वाळली की त्याचं सगळंच आटोपतं. अंगणात शेपटीचा वाद चालू होता आणि चिंतामणची कातडी कडांना सुरकुतत चालली होती. हळद चरचरत होती. काकूने सहज त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर पाठ पापडासारखी लागली.

"काकू," तो म्हणाला. आवाज कसाबसा आला. "थोडं पाणी."

काकूने लगेच लोटी उचलली.

"अहो द्वारकाबाई," वहिनीसाहेब म्हणाल्या, "हळद धुऊन जाईल ना. आणि ती नवी फरशी."

सगळं अंगण काकूकडे पाहू लागलं. जन्मात पहिल्यांदा एवढ्या जणांनी तिच्याकडे मागे न सरकता पाहिलं होतं. रानडुकरीण तर तिच्या अगदी शेजारी बसली होती, काट्यांची पर्वा न करता. काकूने लोटी खाली ठेवली.

"होईल हं आता," ती चिंतामणला म्हणाली. "थोडंच राहिलंय."

इथे मला तिचा राग येतो. ही गोष्ट सांगताना दर वेळी येतो. पण मग मला आमच्या घरचा पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला सोफा आठवतो, ज्यावर आम्ही कुणी कधी बसलो नाही, आणि मी पुढे सांगायला लागतो.

चिंतामणने काळोख्या दाराकडे पाहिलं. एकदा का आत गेलो, की निदान ऊन तरी लागणार नाही, एवढंच आता त्याच्या मनात होतं.

दुसरा मुहूर्त दूर होता आणि कोल्ह्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. तेव्हा पंगत आधी उरकून घ्यावी असं ठरलं. यजमानाने पाहुण्यांच्या नंतर जेवायचं, ही रीत. सगळे पंगतीला गेले. काकू वाढायला गेली. पाटावर उरले चिंतामण, रॉकी आणि सुपारी. तिघेही सारखेच कोरडे.



"तुमचं ते काचेचं घर कसं आहे?" चिंतामणने विचारलं. मरता मरताही त्याला रीतभात सुटत नव्हती.

"घर नाही ते," रॉकी म्हणाला. "तिथं मला ठेवलंय."

"सावली?"

"आमच्या डोंगरात होती."

पंगतीतली मंडळी जेवून उठायला लागली होती. एकेक जण बिळामागच्या मोरीवर हात धुवायला जात होता. रॉकीने नाकपुड्या हलवल्या.

"कुठूनतरी ओला वास येतोय," तो म्हणाला.

"चालवतंय का तुम्हाला?"

"नाही. तुम्हाला?"

"मलाही नाही," चिंतामण म्हणाला. "चला."

एक उपरणं ओढत, एक शेपूट ओढत, भिंतीच्या कडेकडेने ते सरपटत निघाले. त्यांना कुणी पाहिलं नाही. ज्याची वास्तुशांत असते त्याच्याकडे जेवणानंतर कुणाचं लक्ष नसतं.

मुहूर्त आला. मंडळी ढेकरा देत परतली. बघतात तर पाट रिकामा. नुसती सुपारी.

"यजमान कुठंय?" वहिनीसाहेबांनी विचारलं. रॉकीचं त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्याचं भांडं जागेवर होतं आणि छान चमकत होतं.

काकूने पाटाखाली पाहिलं, आसपास पाहिलं. "चिंतामण," ती हाका मारू लागली. "अरे चिंतामण."

"आता शोधाशोध नको, मुहूर्त जाईल," शास्त्रीबुवा म्हणाले. "यजमान हजर नसेल तर त्याच्या नावाने सुपारी आत सोडली तरी चालते. शास्त्रात सोय आहे. द्वारकाबाई, दिवा धरा."

काकूने दारात दिवा धरला. शास्त्रीबुवांनी मंत्र म्हटला आणि सुपारी दारातून आत सोडली. सुपारी गडगडत त्या लांब, काळोख्या वाटेने गेली. दिव्याचा उजेड तिच्या मागे मागे गेला, आणि वाट संपते तिथे काकूला एक जबडा दिसला. उघडा, रुंद, सकाळपासून वाट बघत बसलेला.

सुपारी जबड्यात गेली. जबडा गपकन मिटला. आतून कडकन आवाज आला.

"वास्तूने यजमान स्वीकारला," शास्त्रीबुवा म्हणाले. सगळ्या अंगणाने टाळ्या वाजवल्या.

टाळ्या न वाजवणारी काकू एकटीच. ती दिव्यासकट तशीच उभी राहिली. धामणकरबाईंच्या एकाही घरातून तक्रार का आली नाही, ते तिला आत्ता उमगलं. सकाळचा मुहूर्त साधला असता तर तिनेच आपल्या हाताने चिंतामणला त्या दारात सोडलं असतं. वर अक्षताही टाकल्या असत्या, आणि शेवटचा हात म्हणून बाई मागोमाग आत गेल्या असत्या. रॉकीची मुंज राहिली होती म्हणून चिंतामण वाचला.

पण वाचला तरी का? होता कुठे तो?

काकूने दिवा टाकला आणि ती धावत सुटली. तिचे सगळे काटे ताठ उभे राहिले. मंडळी भराभर मागे सरली, जन्मभर सरत आली तशीच. या वेळी काकूला त्याचं काही वाटलं नाही.

बिळामागून आवाज आला. लांबलचक, भरल्या गळ्याचा डराँव.

मोरीतली एक फरशी थोडी उचललेली होती. तिच्याखाली गार सावली होती. हात धुतलेलं पाणी वरून ठिबकत होतं. नालीच्या तिरप्या दगडावर चिंतामण बसला होता, हळद धुऊन गेलेला, तुकतुकीत. रॉकी मानेपर्यंत पाण्यात होता आणि त्याची शेपूट मजेत हलत होती. वर चिलटांचा थवा होता. चिंतामणने जीभ बाहेर काढून त्यातलं एक आत घेतलं.

द्वारकाकाकू मोरीच्या कडेला मटकन बसली आणि रडू लागली. मोठ्याने, नाक ओढत, कुणी बघतंय का ते न बघता.

"मी तुला पाणी दिलं नाही," ती म्हणाली. "लोटी हातात होती रे माझ्या. लोक बघतायत म्हणून दिलं नाही."

चिंतामणने या वेळी असू द्या म्हटलं नाही.

"नाही दिलंत," तो म्हणाला. मग मोरीकडे नजर फिरवून त्याने विचारलं, "काकू, हे घर कुणाचं?"

"घर कसलं? मोरी आहे ही."

"म्हणजे इथं पाहुणे बसत नाहीत?"

"छे. हात धुतात आणि जातात."

"दाखवायला वगैरे आणत नाहीत कुणाला?"

"मोरी कोण दाखवतंय?"

"मग आम्ही दोघं इथं राहतो," चिंतामण म्हणाला.

एवढ्यात अंगणातून वहिनीसाहेबांचा आवाज आला. "द्वारकाबाई, सापडला का हो यजमान?"

काकूने डोळे पुसले. फरशी हलकेच खाली टेकवली, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवून. ती अंगणात आली. तिने मंडळींकडे पाहिलं, घराकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती बेधडक खोटं बोलली.

"सापडला. आतच आहे," ती म्हणाली. "दमलाय जरा. जाळीतून बघा, पण लांबून."

मंडळींनी जाळीला डोळे लावले. आत आरशांच्या झगमगाटात काहीतरी पिवळसर, लांब आणि चकचकीत पडलेलं होतं.

"बाई बाई," रानडुकरीण म्हणाली. "घर लाभलं हो तुमच्या चिंतामणला. अंग कसं भरलंय."

तेव्हापासून त्या घराची कीर्ती वाढतच गेली. लांबलांबून लोक बघायला येतात. जाळीतून बघतात, वा म्हणतात आणि जातात. धामणकरबाई अजून आतच आहेत. सुपारी गिळून फुगलेलं अंग त्या अरुंद वाटेत मावत नाही. बाहेर यायचं दार पुढच्या टप्प्यात व्हायचं होतं आणि तो टप्पा ठरवणाऱ्या बाई स्वतःच आत होत्या. द्वारकाकाकू रोज जेवण झालं की दारातून एक सुपारी आत सोडते. पाहुणी आहे, उपाशी कशी ठेवायची?

वहिनीसाहेबांचं भांडं अजून ओसरीवर उन्हात चमकतं. ते बघायलाही लोक येतात. रॉकीची चौकशी अजून कुणी केलेली नाही.

आणि मंडळी परतली, अंगण रिकामं झालं, की काकू मागे मोरीत जाते. पाय ओल्या फरशीवर पसरून बसते. आज किती जण आले, कोण काय म्हणालं, ते सगळं सांगते. आता ऐकणारे दोघे आहेत.

तात्पर्य: घर बांधताना नेहमी पाहुण्यांचाच विचार करावा, राहणाऱ्याचा चुकूनही करू नये. म्हणजे पाहुणे घर बघत बसतात, आणि राहणाऱ्याला मोरीत सुखाने राहता येतं.